कपाटाची खोली

"अहो, खिडकी आहे ती, बाटलीचं बूच नाही. किती ठोसाल?"

मास्तर खुर्चीवर चढून फटीत रबरी पट्टी बसवत होते. बायकोला उत्तर द्यायला त्यांना सवड नव्हती. हिवाळा संपत आला होता आणि संध्याकाळी निकाल होता. कमीत कमी विजेत घर ऊबदार ठेवेल, त्याला वसाहतीचा चषक.

गेल्या वर्षी तो शेजारच्या वकिलांनी नेला. दोन्ही घरांत भिंत एकच, पण मास्तरांचा हीटर दिवसभर धापा टाकायचा आणि घर गारच. वकील वर्षभर कुंपणावरून विचारत राहिले, "काय मास्तर, पदार्थविज्ञान काय म्हणतंय?"

यंदा मास्तरांनी पदार्थविज्ञानाला जुंपलं. दारांखाली ब्रश, माळ्यावर कापसाच्या गाद्या, खोलीखोलीत तापमापक. विजेची उधळपट्टी नको म्हणून टेबलफॅनही हद्दपार करणार होते, पण तो आधीच कुठे गडप झाला होता. राहिलं फक्त बायकोचं भिंतीतलं कपाट.

"त्याला हात लावलात तर याद राखा."

मास्तरांनी विज्ञानाची मर्यादा ओळखली.

तरी चमत्कार झाला. हीटर क्वचितच लावावा लागला. सर्वांत ऊबदार निघाली ती कपाटाची खोली, हीटरपासून सर्वांत लांबची. मास्तरांनी त्यावर सिद्धांतच मांडला. तिथे कायम बारीक घरघर ऐकू येई.

"ऐकलंस? घर श्वास घेतंय."

"घेऊ दे की बिचाऱ्याला," बायको म्हणायची.

संध्याकाळी वीज कंपनीच्या इंजिनीअरबाईंनी मीटर पाहिला, तापमापक पाहिले, पुन्हा मीटर पाहिला. "कमाल आहे!" म्हणाल्या आणि चषक मास्तरांच्या हातात दिला.

"आमचा हीटर अख्खा हिवाळा चालू होता हो, तरी पाय गारठलेले!" वकील हवालदिल झाले होते. मास्तरांनी त्यांना सिद्धांत अथपासून इतिपर्यंत ऐकवला. टाळ्या पडल्या. वकिलांनाही वाजवाव्या लागल्या.

चषक कुठे ठेवायचा, हे विचारायला मास्तर छाती फुगवून आतल्या खोलीत गेले. कपाट सताड उघडं होतं. ब्लँकेटं बाजूला सारलेली. मागच्या भिंतीला ताटाएवढं भोक आणि भोकात तो गडप झालेला टेबलफॅन. बायको भोकाला तोंड लावून बोलत होती.

"यंदा आमचे खूश झाले, वहिनी. पुढच्या हिवाळ्यात पाळी तुमच्या वकिलांची. पंख्याचं तोंड आत्ताच तुमच्याकडे फिरवून ठेवते."