घरचा दहावा

मच्छिंद्रच्या हातात माइक आला आणि 'आदरणीय'च्या पुढं त्याच्या तोंडून काही निघेना. घोडनदीच्या घाटावर गावातल्या कुणाचा तरी दहावा, समोर सगळ्या टोप्याच टोप्या. त्यानं माइक परत दिला आणि चपला शोधायला लागला. चपला पायातच होत्या.

मच्छिंद्रचा आवाज बारीक, बाईसारखा. शाळेत पोरं त्याला मच्छिंद्रबाई म्हणायची. शिक्रापूरच्या कंपनीत सुपरवायझर झाला, तरी फोनवर लोक म्हणत, "ताई, साहेबांना द्या." चाळिशी आली तरी हा गडी चारचौघांत नुसती मान हलवून भागवायचा. आणि या गड्याला पंचायत समितीला उभं राहायचं होतं. लोकांच्या अडीनडीला त्याच्याइतकं धावणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. पण तिकीट तालुक्याच्या साहेबांच्या हातात, आणि मुक्याला ते कोण देणार?

"साहेब म्हणत्यात, गडी बोलतो कसा ते मला आइकायचंय," तात्याबांनी त्याला सांगितलं. तात्याबा म्हणजे पंचक्रोशीतले दहाव्याचे वक्ते. त्यांच्या भाषणाशिवाय माणूस मेल्यासारखा वाटत नसे. "तू दहाव्यालाच बोलत जा. तिथं कोण हसत न्हाई. आन् कावळा शिवस्तवर कोण उठून बी जात न्हाई."

मच्छिंद्र सरावाला लागला. संध्याकाळी त्याच्या आईची, साळूबाईची, औषधाची वेळ असे. तिचं काळीज कमजोर झालं होतं. शिरूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी चुकली तर पुढचं मला विचारू नका. तो गोळ्या काढून आईच्या तळहातावर ठेवी, तांब्या जवळ सारी आणि भिंतीकडं तोंड करून भाषण सुरू करी. समोर माणूस दिसला की त्याची जीभ जड व्हायची, मग ती आई का असेना.

"आरं, हिकडं बघून बोल की मच्छू," साळूबाई म्हणायची. "म्या काय साहेब हाय व्हय?"

पान-तंबाखू डॉक्टरांनी बंद केली होती, तरी तिची पानसुपारीची चंची कमरेला असायचीच. वास तरी घेते, म्हणायची. चंचीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

पुढच्या दहाव्याला मच्छिंद्र चार वाक्यं बोलला. कुणी हसलं नाही. त्याच्या पुढच्या दहाव्याला एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. हळूहळू लोकच म्हणायला लागले, बारीक आवाज दुःखाला शोभतो. कोरेगाव भीमापर्यंतची बोलावणी येऊ लागली.

अडचण एकच होती. साहेब यायचे, फुलं वाहायचे आणि पुढच्या दहाव्याला निघून जायचे. मच्छिंद्रचा नंबर लागेपर्यंत त्यांच्या गाडीची धूळही खाली बसलेली असे.

"घरचा माणूस बोलतो, तवाच ते बसून ऱ्हात्यात," तात्याबा म्हणाले. "तेवढी रीत पाळत्यात."

मच्छिंद्रनं हे घरी हसत सांगितलं. "म्हंजी घरचा दहावा असल्याबिगर माझा काय नंबर लागत न्हाई."

बोलला आणि त्यानं जीभ चावली. त्याची बायको अनिता त्याच्याकडं बघतच राहिली. साळूबाई मात्र हसली.

"लागंल की," ती म्हणाली. "बोल आता. आन् भिंतीकडंच बघून बोल. मला आपला आवाज पुरं."

त्या दिवशी जेवताना मच्छिंद्रच्या मनात एक विचार येऊन गेला. स्वतःचीच इतकी किळस त्याला कधी वाटली नव्हती. त्यानंतर गोळ्यांचं काम त्यानं अनितावरही सोडलं नाही. दौंडला मेहुणीचं लग्न होतं, तिथली पंगत सोडून तो मोटारसायकलवर औषधाच्या वेळेला घरी आला. आईच्या हातावर गोळ्या ठेवल्या, भिंतीकडं वळून भाषण म्हणून दाखवलं आणि मगच परत गेला.

शिमग्याच्या तोंडावर साळूबाई बसल्या जागी गेली.

दहाव्याला घाट भरून गेला. साहेब आले, फुलं वाहिली आणि रीतीप्रमाणे खाली बसले. मच्छिंद्रनं माइक घेतला. त्याच्यापुढं भिंत नव्हती. त्यानं मान वर करून सगळ्यांकडं पाहिलं.

"मला बोलायला माझ्या आईनं शिकवलं," तो म्हणाला. "तिच्यापुढं मी रोज बोलायचो. लोक म्हणतात, मच्छिंद्र, आईचं लई केलंस. मी काहीच केलं नाही. पण तिची एक गोळी मी चुकू दिली नाही. माझ्या हातानं दिली. तेवढंच एक समाधान मला हाय."

बायका हुंदके द्यायला लागल्या. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि तात्याबांच्या कानाशी लागले. तात्याबांनी मच्छिंद्रकडं बघून मान डोलावली. काम झालं होतं.

कावळा मात्र पिंडाला शिवेना. समोरच्या बाभळीवर बसून नुसता बघत होता. नातेवाइकांनी हात जोडून शब्द दिले. मच्छिंद्रनंही दिला, "आय, उभा ऱ्हातो. तुझी इच्छा पुरी करतो." कावळा हलला नाही. ऊन चढायला लागलं.

"म्हातारीचा जीव सुपारीत आडकला आसंल," तात्याबा म्हणाले. "चंची आणलीय न्हवं? ठेवा त्यातली सुपारी पिंडापाशी."

अनितानं पदराची गाठ सोडून चंची काढली. पूर्वीचा मच्छिंद्र असता तर त्यानं दुसऱ्या कुणाला पुढं केलं असतं. आज तो स्वतः उठला. सगळ्यांच्या देखत त्यानं चंची कपाळाला लावली, दोरी सोडली आणि ती पिंडावर उपडी केली.

गुलाबी-पांढऱ्या गोळ्या पत्रावळीभर सांडल्या, आणि बाभळीवरचा कावळा खाली उतरला.