उत्तरेचा बाण

शहाण्णव साली सांगलीत कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढणाऱ्या वल्लरीला कुंडलच्या निवृत्त सुभेदार वीरधवलांनी बजावलं होतं, "उत्तरेला माझ्या थोरल्या भावाचं घर हाय. आमचं बोलनं बंद हाय. तिकडं दार तर न्हाईच, खिडकीबी नको."

प्रिंट काढताना त्यांच्या नव्या घराचा लांबट प्लॅन कागदावर मावेना, म्हणून तिने तो पानावर फिरवून बसवला. महिन्याभराने काही कामासाठी तीच फाईल उघडली तेव्हा तिच्या लक्षात आलं. प्लॅन फिरला होता, पण कोपऱ्यातला उत्तरेचा बाण तसाच उभा होता; म्हणजे कागदावर दार आता उत्तरेलाच होतं.

मिळेल ती एसटी पकडून, कधी एकदा पोचते असं करत ती कुंडलला उतरली. भिंती उभ्या राहिल्या होत्या. दाराची चौकट थेट भावाच्या अंगणाकडे तोंड करून होती.

"साहेब, चूक माझी आहे," ती कशीबशी म्हणाली. "बाण फिरवायचा राहिला."

सुभेदारांनी भावाच्या घराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.


"फौजेत जल्मभर नकाशेच वाचले, मॅडम. कागद हातात आला तवाच मला दिसलं व्हतं. पन कुनी इचारलंच, तर चूक तुमचीच हाय म्हनून सांगा."