बाजेची सावली

नवलने कूलर बंद केला, खिडक्यांवर गोधड्या टाकल्या आणि टेबलावरच्या दिव्यापुढे सुंभाची बाज उभी केली. बाहेर दोंडाईच्याची भर दुपार, आत खोलीत काळोख. बाजेच्या विणीची सावली समोर स्टुलावर बसलेल्या बहिणीच्या, रूपाच्या पदरावर, गळ्यावर, गालावर पडली आणि तो खूश झाला. परदेशी सिनेमात हे काम खिडकीच्या पट्ट्यांचे पडदे करतात. इथे बाजेवर भागवायचं.

"मंडळी, नमस्कार," फोनचं बटण दाबून तो कॅमेऱ्यामागून बोलायला लागला. "फिल्म न्वार म्हणजे काळा सिनेमा. नाव फ्रेंच, माल अमेरिकेचा, आणि सावल्या टाकायला शिकवलं ते जर्मनीतून पळून आलेल्या लोकांनी."

दारात प्रेमराज उभा होता. रूपाचा नवरा. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण उरकला होता आणि तो तिला धुळ्याला न्यायला आला होता. ऊन उतरलं की निघायचं, असं ठरलं होतं. तिची पिशवी भरून ओट्यावर ठेवली होती. सासरा झुलाल आखाजीचे पत्ते खेळायला पारावर गेला होता आणि जावयाला उकाड्यात ताटकळत ठेवून मेहुणा व्हिडिओ काढत होता.

"आटपा," प्रेमराज म्हणाला.

पण नवल एकदा सुटला की मारुतीची शेपटी. "याचे प्रकार तरी किती. एकात भाड्याचा गुप्तहेर असतो, तोच शेवटी फसतो. दुसऱ्यात एखादा साधा माणूस न केलेल्या खुनापायी पळत सुटतो. काहींत तर अंधारच नसतो. ओसाड गाव, रणरणतं ऊन, आणि भर दिवसा एकमेकांचा काटा काढणारी माणसं. तो प्रकार आपल्या खान्देशाला फिट बसतो. आणि एक प्रकार घरातला. नवरा, बायको, चार भिंती. बाहेरून सगळं छान."

तो थांबला. "जमलं," म्हणत त्याने फोनकडे हात नेला.

"आखो एकदा ले ना, भाऊ," रूपा म्हणाली.

एरवी त्याच्या या वेडाला ती पोट धरून हसायची. आज ती स्वतःहून पुन्हा घे म्हणते, तिला गोडी लागली म्हणून नवल हरखला. तिला खरं तर स्टुलावरून उठायचंच नव्हतं. घामाने तिच्या गळ्यावरून पावडरचे ओघळ येत होते, तरी डावा गाल भिंतीकडे करून ती बसून होती.

"किती वेळ चालणार हे?" प्रेमराजचा आवाज चढला.

रूपाने तिकडे पाहिलं नाही. "भाऊ, या सिनेमास्मा बाई सुटस का?"

नवल हसला. "सुटनी तं मंग तो न्वार कसाना? तिले वाटच नही रहास." आणि वाट असली तर हा सिनेमाच होत नाही, हे त्याने कॅमेऱ्यासाठी शुद्ध मराठीत पुन्हा एकदा सांगितलं.

 रूपाने हळूच मान वळवली आणि डावा गाल उजेडाकडे केला.

फोनवर चित्र काळंपांढरं दिसत होतं. गालाच्या हाडावर सावली जास्तच दाट पडली होती. सुंभाची गाठ आली असेल, म्हणून नवलने बाज जराशी सरकवली. सगळे पट्टे सरकले. तो एक डाग जागचा हलला नाही. त्याने बाज पुन्हा सरकवली.

 जगभरच्या सावल्या ओळखणाऱ्या नवलला इतके दिवस एकाच ताटात जेवलेल्या बहिणीचा गाल दिसला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली. 

त्याची बडबड थांबली म्हणून आई, कमलबाई, जावयासाठीचा पन्ह्याचा पेला घेऊन आत आली. तिने फोनमध्ये पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं.

"काय व्हयनं हाई?"

"मोरीत पाय घसरला तिचा," दारातून प्रेमराज म्हणाला. "तिने सांगितलं नाही का?"

"तिले इचारस मी."

 प्रेमराज एक पाऊल आत आला. "रूपा, ऊठ. गाडीत बस."

रूपा स्टुलावरच बसून राहिली. "मोरीमा काहीच व्हयनं नही," ती म्हणाली.

"मंग इतला दिन काबर सांगं नही?" कमलबाईचा आवाज फुटला.

"आखाजी व्हती ना, माय."

 वर्षभर वाट पाहून पोर माहेरी आली होती. सगळ्यांत उंच झोका तिने घेतला होता, गौराईची गाणी सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटली होती, आणि रोज सकाळी उठून पहिल्यांदा पावडर लावली होती. आईला वाटलं होतं, पोरगी शहरात राहून नटवी झाली.

"घरगुती गोष्ट आहे," प्रेमराज म्हणाला. "नवल, तो फोन बंद कर आधी."

नवलने फोनला हात लावला नाही.

कमलबाईने पेला खाली ठेवला. रूपाला हाताला धरून स्टुलावरून उठवलं आणि आपल्या मागे उभं केलं. मग टेबलावरचा दिवा उचलून बाजेच्या वरून दाराकडे धरला. प्रेमराजने डोळ्यांवर हात घेतला. सोयरीक जमली तेव्हा बायकांनी मध्ये बोलायचं नाही म्हणून तिने या माणसाकडे मान वर करून पाहिलंही नव्हतं. आता ती पाहत राहिली.

"पाव्हणा," रिकाम्या स्टुलाकडे बोट करत ती म्हणाली, "आते तुम्ही बठा आठे."