पतंगाची पहिली नोंद

“पतंग पाहिलात की पेंगलात, माळीबुवा?” सरांचा तो आवाज बावीस वर्षांनीही तिला तसाच्या तसा ऐकू यायचा. मागचं सगळ्यांचं हसूही. कुंपणाच्या दिव्याखाली पहाटे एक वेगळाच पतंग दिसल्याचं माळी सांगत आला होता. ती तेव्हा उद्यानाच्या प्रयोगशाळेत नवी होती. हसली नव्हती, एवढंच.

आता सरांच्या जागी तीच प्रयोगशाळेची प्रमुख. सकाळी तिनं झाडांमधली सापळ्याची पेटी उघडली. रात्रभर दिव्याला भुललेले पतंग पेटीत रचलेल्या अंड्यांच्या रिकाम्या ट्रेच्या खळग्यांत झोपले होते. एकेक ट्रे उचलून ती नावं सांगत होती; तोच माळी, आता म्हातारा, वहीत उतरवत होता.

पाचव्या ट्रेशी ती थबकली. एक पतंग, वाळकं पान जणू. तिनं हलकेच फुंकर घातली, तर पानाआड जांभळी पहाट उघडली.

“काका, श्वाससुद्धा सोडू नका.”

“नाही सोडला तर मलाच उचलून न्यावं लागेल, ताई.”

तिनं भिंग लावलं, पुस्तक चाळलं, पुन्हा भिंग लावलं. तोच. शेकडो मैलांवरच्या थंड डोंगरातला. त्याची अळी एकाच झाडाचा पाला खाते, आणि ते झाड या सपाटीवर नाही. मग वाऱ्यानं आणला? ट्रकच्या ताडपत्रीला बिलगून आला? की इथलाच कुठला पाला त्याला गोड लागला?

“तेव्हाचा याच्याहून जरा बारीक होता,” माळी म्हणाला. “पण पेंगणाऱ्याचं काय खरं! घरची नातवंडंसुद्धा चिडवतात, आजोबा, आज काय दिसलं?”

नोंदीच्या कागदावर पहिलाच रकाना होता : या भागात प्रथम कुणी पाहिला.

“घाला तुमचं नाव,” तो म्हणाला. “वाकून वाकून पाठ मोडलीत.”

तिनं त्याचं नाव लिहिलं. पुढे बावीस वर्षांपूर्वीची तारीख, आठवावी न लागता, सरळ.

माळ्यानं कागद वाचला. “हे नाही चालायचं, ताई. एकट्यानं पाहिलेलं धरत नाहीत. बरोबर दुसरं कुणी लागतं. सरांनीही तेव्हा हेच विचारलं होतं, आणखी कुणी पाहिला? मी कुणाला आणणार होतो?”

ट्रेमधल्या पतंगानं पंख थरथरवले, पुन्हा मिटून घेतले.

“काका,” ती म्हणाली, “त्या पहाटे कुंपणाच्या दिव्याखाली तुमच्या मागे मी उभी होते. मीही पाहिला होता.”