बोडकी झाडं

“बाबा, चकलीसारखी रेघ काढायचीय. मधून सुरुवात करून गोल गोल बाहेर,” एकताने डॉक्टरांचं म्हणणं मराठीत सांगितलं.

दादारावांनी पेन्सिलीकडे पाहिलं. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाला चकली काढायला सांगत होते! एरवी ते यावर पोट धरून हसले असते. आज नोव्हेनाच्या इस्पितळातल्या त्या थंडगार खोलीत त्यांना फार थकल्यासारखं वाटत होतं. वर्षभर हात लपवून ते थकले होते.

“त्यांना सांग, मी रोज चित्रं काढतो. हाताला काही झालेलं नाही.”

एकताने लगेच फोन पुढे केला. क्लेमेंटी भागातल्या घरी बसून बाबांनी काढलेली चित्रं त्यात होती. लायब्ररीतल्या पुस्तकात पाहिलेल्या जुन्या डच चित्रकारांच्या धर्तीची. गोठलेला कालवा, भलंमोठं कोरं आभाळ, बर्फावरून घसरत जाणारी ठिपक्याएवढी माणसं आणि काठावर बोडकी झाडं. सिंगापूरच्या घामट दुपारी नुसत्या पेन्सिलीने आणलेला हिवाळा. एकताला त्याचा भारी अभिमान होता.

डॉक्टरांनी चित्रं कौतुकाने पाहिली आणि पुन्हा कागदावर बोट ठेवलं.

दादारावांनी रेघ सुरू केली. पहिला वळसा जेमतेम जमला. दुसऱ्यात रेघ हलली, तिसऱ्यात तिने पार दगा दिला. कागदावर चकलीच उतरली, काट्यांसकट.

त्यांची बायको बेबी शेजारीच बसली होती. तिने कागद जवळ ओढला. मग फोनमधलं एक झाड मोठं करून पाहिलं. फांदीफांदीला तोच काटा होता.

“असं होय,” ती म्हणाली. “माझं चित्र काढा म्हटलं की वर्षभर टाळताय. मला वाटलं, आता माझ्यात बघण्यासारखं काही राहिलं नाही.”

दादारावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“हात थरथरतो गं. तुझा चेहरा बिघडला असता. झाडाचं कोण बघतंय?”

एकताने डॉक्टरांना हातानेच जरा थांबायला सांगितलं.

बेबीने कागद उलटून कोरी बाजू वर केली. पेन्सिल पुन्हा नवऱ्याच्या बोटांत दिली आणि खुर्ची वळवून त्याच्यासमोर बसली.

“काढा. माझ्या तोंडावर तरी आता सरळ रेघ कुठे राहिलीय?”