उरलेला शब्द

पक्षाघाताच्या झटक्यात गवंड्याची वाचा गेली. मागे एकच शब्द उरला: आमेन. "चहा देऊ?" आमेन. "पंखा लावू?" आमेन. "नशीबवान आहेस बाई, नवरा सगळ्याला हो म्हणतो!" शेजारीण चिडवायची. बायको हसायची, पण तिने देवाशी अबोला धरला होता. पूर्वी जेवणाआधी गवंडी इतकी लांबलचक प्रार्थना करायचा की ताटातलं गार व्हायचं. आता ती मुकाट्याने भरवायची. आज मात्र त्याने तोंड घट्ट मिटलं. "अहो, आणखी काय हवंय?" ती वैतागली. त्याने डोळे मिटले, धड हात तिच्या हातावर ठेवला. "आमेन." शेवट त्याने म्हटला, सुरुवात तिने करायची होती. "प्रभू, या जेवणासाठी आभार," ती अडखळली, "आणि यांच्या एका शब्दासाठीही." मग तिला थांबताच येईना. ताटातलं गार झालं, तेव्हा कुठे त्याने तिचा हात थोपटला. "आमेन."