रानडुकराची ढाल

या मंडळी, जवळ सरका. क्रूसाची खूण करा, मग सांगतो आमच्या फ्लँडर्सच्या रणातली गोष्ट.

लोखंडी शिरस्त्राणात कोणाचंच तोंड दिसत नाही, आणि गदेचा घाव बसला की तोंड उरतही नाही. म्हणून प्रत्येक घराणं ढालीवर आपलं चिन्ह रंगवतं. लढाई संपली की आम्ही भाट चिन्हं पाहून मेलेल्यांची नावं पुकारतो. चिन्ह नसेल तर नाव नाही, आणि बिननावाचं प्रेत प्रार्थनेवाचून खड्ड्यात जातं.

एका लढाईनंतर आन्सो नावाच्या तरुण शिपायाला त्याचा भाऊ रेनिये मेलेला सापडला. गळा सुळ्यांनी फाडल्यासारखा उघडा होता. ढालीचा पिवळा रंग शाबूत होता, पण त्यावरचं त्यांच्या घराण्याचं काळं रानडुक्कर नव्हतं.

“पुकारा की, बाबा. माझाच भाऊ आहे हा.”

“चिन्हाशिवाय नाही पुकारता येत, पोरा.”

“मग माझी ढाल घ्या. डुक्कर एकाच घरचं, त्याला कुठं कळतंय कोण थोरला नि कोण धाकटा?”

त्यानं आपली ढाल भावाच्या छातीवर ठेवली. मी डोळे मिटून रेनियेचं नाव पुकारलं. शेजारी आन्सोची किंकाळी उठली आणि मधेच तुटली.

डोळे उघडले, तेव्हा आन्सोचा गळाही तसाच फाडलेला होता, आणि ती ढालही कोरी होती.

प्रार्थनेला बसाल तेव्हा आन्सोची आठवण ठेवा. त्याचं नाव मला पुकारता आलं नाही.